गुंड जेवतात कधी?

गेल्या अंकात मी सहज एक ओळ टाकली होती की मला लव्हस्टोरीपेक्षा गुंड-डाकूंचे पिक्चर जास्त आवडतात, तुमचे कोणते ते कळवा. तर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की संपादक म्हणाले ताई, ह्या महिन्याचं पूर्ण सदर त्यालाच देऊन टाका. दिलं. लोणच्याला बुरशी का येते वगैरे प्रश्न पुढच्या महिन्यात. (लोणचं तोवर थांबणार नाही हे मला माहितीये, मीठ वाढवा आणि कोरडा चमचा वापरा.)

आधी माझी कसोटी सांगून टाकते म्हणजे नंतर भांडण नको. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजच्या आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, रविवारी संध्याकाळी दूरदर्शनवर पिक्चर लागला की अर्धा वाडा आमच्या खोलीत येऊन बसायचा. आजी मागे भिंतीला टेकून वाती वळत असायची. समोर गोळ्या, घोडे, सोन्याची बिस्किटं, सगळं चाललेलं आणि ती मध्येच विचारायची, "अगं पण हे लोक जेवतात कधी?" सगळे खो खो हसायचे, मी पण हसायची. पुढे शेकडो पिक्चर बघून झाल्यावर डोक्यात लाइट लागला की आजीचा प्रश्न भलता नव्हताच. ज्या पिक्चरमधला गुंड जेवताना दिसतो, त्याला कोणीतरी वाढतं, कोणीतरी त्याला ताटावरून बोलावून नेतं, तो पिक्चर बहुतेक वेळा चांगला निघतो. जो नुसता गॉगल लावून स्लो मोशनमध्ये चालतो तो बहुतेक वेळा टाकाऊ. मार्क मी ह्याच कसोटीने देते, ज्यांना पटत नसेल त्यांनी आजीशी वाद घालायचा होता.

ताई, गॉडफादर जगातला सगळ्यात भारी पिक्चर म्हणतात. मी तीन वेळा लावला आणि तिन्ही वेळा त्या लग्नातच झोपलो. माझ्यात काही कमी आहे का?
– एक वाचक, इंदूर

तुमच्यात कमी काही नाही हो, तुमची वेळ चुकतेय. तुम्ही इंदूरवाले, रात्री सराफ्यात जाऊन भुट्ट्याचा कीस आणि वर जिलेबी हाणून साडेअकराला घरी येणार आणि मग गॉडफादर लावणार, तर कोण जागं राहील? सकाळी चहा घेऊन बसा.

आणि लग्नाकडे लग्न म्हणून बघू नका, आपल्याकडच्या जुन्या घरातलं लग्न आठवा. मांडवात गाणी-बजावणी चाललीयेत आणि आत माजघरात घरातले कर्ते आजोबा बसलेत, एकेक जण आत येतोय, वाकतोय, कानात काहीतरी सांगतोय. तिथे रिवाज असा दाखवलाय की मुलीच्या लग्नाच्या दिवशी बाप कोणाची मागणी नाकारू शकत नाही. पहिली पंचवीसेक मिनिटं हेच आहे, बाहेर उजेड आणि आत अंधार, आणि एकदा हे लक्षात आलं की झोप उडते, कारण पुढच्या अडीच तासात जे जे होणार त्याची सगळी माणसं त्या मांडवात आधीच जेवून गेलेली असतात. १९७२ चा पिक्चर आहे, मारिओ पुझोच्या १९६९ च्या कादंबरीवरून कोपोलाने केलेला. त्यातला कर्ता बाप व्हिटो म्हणजे मार्लन ब्रँडो, कॅमेरामन गॉर्डन विलिसने त्याच्यावर लाइट वरून टाकला, त्यामुळे त्याचे डोळे खोबणीत बुडून जातात, नीट दिसतच नाहीत. आणि गंमत म्हणजे माफियावरच्या ह्या पिक्चरमध्ये 'माफिया' हा शब्द एकदाही येत नाही. इटालियन-अमेरिकन लोकांच्या संघटनेने आक्षेप घेतला होता म्हणून काढून टाकला, आणि न काढता ठेवला असता तर पिक्चर इतका चांगला झाला असता असं मला वाटत नाही, घरातले लोक आपल्या धंद्याला असं नावाने थोडंच हाक मारतात.

आता जेवण. त्यात क्लेमेंझा नावाचा जाड्या आहे, तो व्हिटोच्या धाकट्या मुलाला, मायकेलला, शिकवतो की वीस माणसांचा स्वयंपाक कसा करायचा, आधी तेल, मग लसूण, मग टोमॅटो, मग सॉसेज आणि मीटबॉल. हाच माणूस त्याआधी गाडीत एकाला मारायला लावतो आणि साथीदाराला म्हणतो पिस्तूल राहू दे इथेच, मिठाईचा डबा घे. का? तर सकाळी निघताना बायकोने सांगितलेलं असतं मिठाई विसरू नका. मला तर वाटतं पूर्ण पिक्चर ह्या एका डब्यात मावतो. आपल्याकडे कसं ऑफिसातून येताना कोथिंबीर आणायची असते तसं त्याच्या यादीत दोन कामं होती, दोन्ही झाली.

दुसरा भाग (१९७४) पण बघा, त्यात तरुण व्हिटो रॉबर्ट डी नीरो आहे. एकाच पात्रासाठी दोन वेगळ्या नटांना ऑस्कर मिळालं, ब्रँडोला आणि डी नीरोला, त्यातलं ब्रँडोने घेतलं नाही ही गोष्ट वेगळी. तिसऱ्या भागाच्या वेळी झोपलात तर मी काही म्हणणार नाही.

गब्बर सिंग खरोखर आपल्या भिंडचा होता का? मुलगा शाळेत पैज लावून आलाय.
– एक आई, माधौगंज, ग्वाल्हेर

पैज जिंकला, पण अर्धीच. गब्बर सिंग नावाचा डाकू भिंड भागात खरोखर होता, १९५० च्या दशकात त्याची भयंकर दहशत होती, लोकांची नाकं कापायचा, आणि नोव्हेंबर १९५९ मध्ये पोलिसांनी त्याला मारला. तेव्हा मध्य प्रदेश पोलिसांचे प्रमुख के. एफ. रुस्तमजी होते, त्यांच्या डायऱ्यांमध्ये हे सगळं आलंय. 'शोले'तला गब्बर मात्र त्याच्यापासून फक्त नाव आणि दरारा घेतो. चंबळच्या डाकूंवर 'अभिशप्त चंबल' हे पुस्तक पत्रकार तरुणकुमार भादुडींनी लिहिलं, म्हणजे जया बच्चनचे वडील, आणि अमजद खानने गब्बर करायच्या आधी ते वाचलं होतं. मूळ गब्बर डॅनी करणार होता पण तो 'धर्मात्मा'च्या शूटिंगला अफगाणिस्तानात अडकला. आता धर्मात्मा काय तर गॉडफादरवरून केलेला हिंदी पिक्चर! म्हणजे एक गँगस्टर पिक्चर मध्ये आला म्हणून दुसऱ्याला त्याचा गब्बर मिळाला.

आणि मुलाला हे पण सांगा, शाळेत भाव खायला कामाला येईल, की शोले लिहिणाऱ्या जोडीतले सलीम खान इंदूरचे आणि जावेद अख्तर जन्माने आपल्या ग्वाल्हेरचे (१९४५). आमच्या गल्लीत ह्यावरून असं म्हणतात की गब्बरला मराठी येत असणार.

आता जी अर्धी पैज हरली ती. शोले शूट झाला कर्नाटकात रामनगरला, तिथे मोठाले काळे दगड आहेत. चंबळमध्ये दगड कुठे! तुम्ही आग्र्याच्या गाडीला मुरैना सोडलं की डावी-उजवीकडे बघा, सगळी माती आहे, पिवळट, पावसाने कापून कापून दोन-दोन तीन-तीन माणूस खोल घळ्या झाल्यात, त्याला इकडे भरके म्हणतात, वर काटेरी बाभूळ. मग एकदम पूल येतो, खाली चंबळ, कधी वाळूवर मगरी पहुडलेल्या दिसतात. दहा पावलं आत गेलेला माणूस बाहेरून दिसत नाही. अशा मातीत घोडा काय करणार? इथल्या टोळ्या पायी चालायच्या, रात्री-रात्री कोसच्या कोस. पिक्चरवाल्यांनी त्यांना घोडे दिले कारण घोडा पडद्यावर चांगला दिसतो.

आजीच्या कसोटीला शोले काठावर पास. गब्बर जेवताना दिसत नाही, तंबाखू तेवढी चोळतो, पण कालिया म्हणतो मी तुमचं मीठ खाल्लंय आणि हा म्हणतो आता गोळी खा, तर खाण्याचा विषय निघाला एवढ्यावर मी त्याला पस्तीस मार्क देते.

मग खरा चंबळ कोणत्या पिक्चरमध्ये दिसतो?
– एक निवृत्त शिक्षक, जनकगंज

सर, क्रमाने बघायचं तर 'मुझे जीने दो' (१९६३) पासून सुरू करा. सुनील दत्तने तो इथल्या बीहडातच, म्हणजे ह्याच घळ्यांमध्ये, शूट केला, पोलिसांच्या पहाऱ्यात. तेव्हा टोळ्या जिवंत होत्या हो, आदल्याच काही वर्षांत, १९६० मध्ये, विनोबा इकडे पायी फिरले होते आणि काही जणांनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या होत्या. मोठं समर्पण झालं ते नंतर, एप्रिल १९७२ मध्ये मुरैना जिल्ह्यात जौराला जयप्रकाशजींसमोर, मोहर सिंग, माधो सिंग त्यातलेच. माझ्या वडिलांच्या ऑफिसातले लोक म्हणे सुट्टी टाकून बघायला गेले होते, डाकू बघायला, जसं काही सर्कस आलीये.

'बँडिट क्वीन' (१९९४) मी एकदा बघितला आणि पुन्हा बघायची हिंमत नाही झाली. सीमा बिस्वासने जे काम केलंय त्याला तोड नाही. पण एक गोष्ट मला तेव्हा पण खुपली आणि आता पण खुपते, की जिच्यावर पिक्चर केला ती बाई, फुलनदेवी, जिवंत होती, आमच्याच ग्वाल्हेरच्या आणि मग दिल्लीच्या तिहार जेलमध्ये मिळून ११ वर्षं काढून नुकतीच सुटली होती आणि तिला तो पिक्चर मान्य नव्हता, कोर्टात गेली होती. तिच्यावर झालेले अत्याचार तिला न विचारता पूर्ण हॉलला दाखवायचे हे काही मला गिळवत नाही. पिक्चर म्हणून मोठा आहे. दोन्ही खरं आहे, काय करणार.

माझा पहिला नंबर 'पानसिंग तोमर' (२०१२). इरफान गेल्यावर तर मी वर्षातून एकदा बघतेच. पानसिंग मुरैना जिल्ह्यातला, भिडोसा गावचा, फौजेत गेला, स्टीपलचेसमध्ये सात वेळा नॅशनल चॅम्पियन, १९५८ च्या टोकियो एशियन गेम्सला धावला आणि शेवटी जमिनीच्या भाऊबंदकीत बंदूक उचलली, १ ऑक्टोबर १९८१ ला पोलिसांच्या गोळीने गेला. आता पिक्चरमध्ये तो धावायला का लागतो माहितीये? भुकेपोटी! फौजेत त्याला रेशन पुरत नाही, इतकं खातो की साहेब वैतागतात, आणि मग कळतं की स्पोर्ट्सवाल्यांच्या खाण्यावर पाबंदी नाही, तर हा स्पोर्ट्समध्ये. आईस्क्रीमचा डबा घेऊन मेजरच्या बंगल्यापर्यंत धावत जातो, वितळायच्या आत पोचवायचं असतं. इतकं साधं, आणि त्या आईस्क्रीमवरून तुम्हाला तो माणूस असा जवळचा होऊन जातो की पुढे हातात बंदूक आली तरी सोडवत नाही. तो स्वतःला डाकू म्हणू देत नाही, बागी (बंडखोर) म्हणा म्हणतो, आणि इकडच्या खेड्यात आजही तोच शब्द चालतो. आजीने तो बघितला असता तर वाती ठेवून बसली असती.

'सोनचिडिया' (२०१९) पण बघा, तो चालला नाही पण टोळी पायी चालते, बोली खरी आहे आणि माणसं थकलेली दिसतात. डाकू थकलेला दाखवायला पण हिंमत लागते.

वडोदऱ्यात राहून गँगस्टर पिक्चरची आवड म्हणजे घरचे हसतात, म्हणतात इथे काय मिळतं, खमण आणि शेव-उसळ. आमच्या शहराचा काही संबंध आहे का ह्या विषयाशी?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

संबंध कसा नाही, तुमच्याकडे दारूबंदी आहे! गँगस्टर पिक्चर जन्मालाच दारूबंदीतून आला. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, लोकांनी पिणं काही सोडलं नाही, मग चोरून आणणारे, चोरून विकणारे, रस्त्यावर गोळीबार, आणि तेव्हाच नेमके बोलपट आले होते, तर बंदुकीचा आवाज ऐकायला मिळायला लागला. १९३१ मध्ये 'लिटल सीझर' आणि 'पब्लिक एनिमी', १९३२ मध्ये पहिला 'स्कारफेस'. लोक इतके खूश व्हायला लागले की १९३४ पासून सेन्सॉरचे नियम कडक केले. पब्लिक एनिमीमध्ये जेम्स कॅगनी सकाळी नाश्त्याच्या टेबलावर चिडून बाईच्या तोंडावर अर्धं पपनस दाबतो, इतक्या वर्षांनी लोकांना त्या पिक्चरमधल्या गोळ्या आठवत नाहीत, ते पपनस आठवतं.

गुजरात तर १९६० मध्ये राज्य झालं तेव्हापासून कोरडं आहे. शाहरुखचा 'रईस' (२०१७) त्याच धंद्यावर आहे. अर्धा पिक्चर छान, नंतर तो फारच चांगला माणूस व्हायला लागतो, तिथे मी भाजी निवडायला घेतली. घरच्यांना सांगा, शेव-उसळ खाता खाता बघायला हाच प्रकार योग्य.

आमच्या ह्यांचं म्हणणं 'सत्या' आणि माझं म्हणणं 'वास्तव'. तुम्ही म्हणाल तो नवरात्रात प्रोजेक्टरवर लावणार. लवकर सांगा, बोलणं बंद आहे.
– एक वाचक, शिंदे की छावणी

नवरात्रात? बरं, तुमचं घर.

बघा, दोन्ही वर्षभराच्या अंतराने आलेत, सत्या जुलै १९९८ आणि वास्तव १९९९, आणि दोन्ही आपल्या माणसांचे आहेत, भिकू म्हात्रे आणि रघू. पण 'सत्या'ची एक गोष्ट मला कळली तेव्हा मी अक्षरशः उठून आजीच्या फोटोपुढे गेले. ऑगस्ट १९९७ मध्ये गुलशन कुमारांचा खून झाला, तेव्हा 'सत्या'च्या डायरेक्टरला, राम गोपाल वर्माला, कोणीतरी सांगत होतं की ते सकाळी किती वाजता उठले, कोणाला काय म्हणाले, कुठे जाणार होते. आणि वर्माच्या डोक्यात भलताच विचार आला, तो त्याने नंतर सांगितलाय, की मारणारा त्या दिवशी किती वाजता उठला असेल? आईला सांगून झोपला असेल का मला लवकर उठव म्हणून? नाश्ता त्याने आधी केला असेल की मारून आल्यावर? घ्या! दौलतगंजच्या वाड्यात वाती वळता वळता जे विचारलं जात होतं तेच. म्हणून 'सत्या'तले लोक इतके खरे वाटतात, ते गुंडगिरीच्या मधल्या वेळात पण आहेत. भिकू म्हात्रे समुद्राजवळ खडकावर उभा राहून मुंबईला ओरडून विचारतो किंग कोण, आणि घरी आला की बायकोची बोलणी खातो. बोलणी खाणं पण खाणंच, मी मार्क दिलेत. मनोज बाजपेयीला नॅशनल अवॉर्ड मिळालं, शेफाली शहा पडद्यावर फार वेळ नाही पण जेवढी आहे तेवढी घरच्यासारखी. कल्लू मामा झालेला सौरभ शुक्ला लेखकांपैकी एक आहे, दुसरा अनुराग कश्यप.

'वास्तव' रडवतो. पावभाजीच्या गाडीवरून सुरू होतो, चार मित्र, चांगला धंदा, आणि एका भांडणात हातून खून होतो. सुपारी घेऊन नाही, गाडीवरच्या राड्यात! मग सोन्याची चेन घालून आईला दाखवायला येतो, पचास तोला, आणि रीमा लागूचा चेहरा बघा, तिला कळत नाही की हसावं की घाबरावं. (रीमा आणि संजय दत्तच्या वयात फक्त एक वर्षाचं अंतर होतं हो, आपल्या सिनेमात बायका आई किती लवकर होतात.) शेवट सांगत नाही पण रुमाल जवळ ठेवा.

तर माझा निकाल, अष्टमीला वास्तव, दसऱ्याला सत्या. बोलणं सुरू करा आता.

पेटी आणि खोका ह्यात नक्की काय फरक? कॉलेजातली मुलं हसली माझ्यावर.
– एक प्राध्यापक, कंपू

पेटी म्हणजे लाख, खोका म्हणजे कोटी. घोडा म्हणजे पिस्तूल. सुपारी तुम्हाला माहीत असेलच, पानातली पण आणि दुसरी पण. आपल्याकडे मात्र चालणार कट्टा (गावठी पिस्तूल), मुखबिर (खबऱ्या) आणि पकड. पकड म्हणजे उचलून नेलेला माणूस, "पकड छूटी क्या" असं विचारायचे इकडे, जशी गाडी सुटली का विचारतात. हसणाऱ्या मुलांना विचारा ह्यातलं त्यांना काय येतं.

मुलगा १४ चा आहे, 'गँग्स ऑफ वासेपूर' बघायचाच म्हणतोय, सगळ्या मित्रांनी बघितलाय म्हणे. काय करू?
– एक बाबा, नई सडक

दाखवू नका. ए सर्टिफिकेट आहे आणि ते नुसतं शिव्यांसाठी नाहीये. मित्रांनी बघितलाय म्हणजे मित्रांनी रील बघितल्यात, २०१२ चे दोन भाग मिळून पाच तासांच्या वर आहे, कुठल्या चौदा वर्षांच्या मुलाने मोबाईल न बघता एवढं बघितलंय? त्याला 'दीवार' (१९७५) दाखवा, तुम्ही पण बसा शेजारी. मग दोन वर्षांनी 'अर्धसत्य'. अठराचा झाला की वासेपूर, आणि तेव्हा त्याला सांगा कोळशाच्या खाणीपासून बघ, धनबादचा कोळसा कोणाच्या ताब्यात ह्यावरून तीन पिढ्या मरतात, ते सोडून सगळे फक्त डायलॉग पाठ करतात. त्यात एक सीन आहे, नवरा दुसरीकडे जातो हे बायकोला माहीत आहे आणि ती त्याला समोर बसवून मटण वाढते, म्हणते नीट खा, बाहेर जाऊन माझी बेइज्जती करू नकोस. ह्या एका सीनसाठी मी त्या पाच तासांना नव्वद मार्क दिलेत. पण चौदाव्या वर्षी तो तुम्हाला विचारेल बेइज्जती कसली, मग काय सांगाल?

मराठीत चांगले गुन्हेगारी पिक्चर का नाहीत? आम्ही बाहेरगावचे मराठी, आम्हाला फक्त कॉमेडी आणि कुटुंब मिळतं.
– एक वाचक, फालका बाजार

आहेत, आपल्यापर्यंत पोचत नाहीत. मुंबई-पुण्याला लागतात आणि ग्वाल्हेरला येईपर्यंत त्यांचे पोस्टर पण उतरलेले असतात. आधी ओटीटी नव्हतं तेव्हा तर पुण्याहून येणाऱ्या मावशीने सीडी आणली तरच. एकदा तिने 'आक्रीत' म्हणून आणली आणि आत कीर्तन निघालं, आम्ही बसून ऐकलं, मावशीसमोर काय बोलणार.

'आक्रीत' (१९८१) मात्र शोधून बघाच, अमोल पालेकरचा, मानवतच्या खुनांवरून केलेला. आपला गोड हसणारा, बसस्टॉपवरचा पालेकर, तो डायरेक्टर म्हणून हे करेल असं कोणाला वाटलं असतं? त्याच विषयावर आता 'मानवत मर्डर्स' ही सिरीज पण आली २०२४ मध्ये, ती मिळायला सोपी आहे. 'माफीचा साक्षीदार' (१९८६) पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खुनांवरून, नाना पाटेकर त्यात असा आहे की नंतर 'परिंदा'तला (१९८९) अण्णा बघताना मला तोच आठवत होता. पुण्यात त्या खुनांच्या वेळी लोक संध्याकाळी सातनंतर दार उघडायचे नाहीत असं मावशी सांगायची, आम्ही म्हणायचो आमच्याकडे तर डाकू आहेत, ती म्हणायची डाकू गावाबाहेर असतात गं, हे कॉलेजातले होते.

नव्यातला 'मुळशी पॅटर्न' (२०१८). हा मला गँगस्टर पिक्चर वाटतच नाही, जमिनीचा पिक्चर वाटतो. पुणं वाढलं, मुळशीच्या शेतकऱ्याने जमीन विकली, पैसे गाडी-बंगल्यात उडाले आणि पोरगा गुंड झाला. पानसिंग तोमर पण जमिनीवरूनच ना? एक विकून बरबाद, एक राखायला जाऊन. त्याचा पुढे हिंदीत सलमानला घेऊन 'अंतिम' केला, तो नाही बघितला तरी चालेल.

आणि 'अर्धसत्य' (१९८३) मी मराठीच धरते, कोण काय म्हणेल ते म्हणो. गोष्ट पानवलकरांची, पटकथा तेंडुलकरांची, कविता दिलीप चित्र्यांची, हिरो वेलणकर आणि रामा शेट्टी म्हणजे आपला सदाशिव अमरापूरकर. भाषा फक्त हिंदी आहे, आणि ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला त्याची काय अडचण, आपण तर निम्मं तसंच बोलतो.

ताई, हा प्रश्न नाही. माझे आजोबा मुरैन्याकडे पटवारी होते, ते ११ दिवस पकड होते. घरी विषय काढू द्यायचे नाहीत, फक्त जेवायला बसलं की एक गोष्ट सांगायचे, की बीहडात रोज रात्री सगळ्यात आधी त्यांना वाढायचे. जाड टिक्कड, वर मीठ-मिरची, कधी गूळ. सरदार म्हणायचा पकड भुकी मरी तो पैसा कौन देगो. सुटून आल्यावर आजोबांना घरच्या पातळ पोळ्या बरेच दिवस गेल्या नाहीत म्हणे, आजीला जाड करायला लावायचे आणि आजी रडायची. हे कुठल्याच पिक्चरमध्ये का नाही?
– एक वाचक, लष्कर (नाव नको)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. का नाही ते मला सांगता येणार नाही, असायला हवं होतं एवढंच म्हणते. पण तुम्ही घरात अजून कोणी असेल, आत्या, काका, तर विचाराल का, की टिक्कड भाजायचं कोण? टोळीतलाच कोणी की गावातून यायचे? आणि आजोबांना ते कशात द्यायचे, ताटात की हातावर? कळलं तर लिहा, रेसिपीचे प्रश्न अजून एक महिना पुढे ढकलते.